काड्यापेटीचा पुठ्ठा

आमच्या गाडीच्या पुढच्या खणात एक काड्यापेटी असते. काड्यापेटी म्हणजे तिचे वरचे नुसते टरफल. आतला खण आणि काड्या केव्हाच गेल्या. आमच्या घरात विडी कोणी ओढत नाही, आण्णांनीही कधी ओढली नाही. तरी हे टरफल त्यांनी वर्षानुवर्षे जपले होते, आणि साफसफाईच्या भरात कोणी ते टाकून दिले की सगळ्या घराला ते वेठीस धरीत. "अगं, ती पेटी नव्हे, हत्यार आहे माझं!" असे आईला सांगत. विमा विकणाऱ्या माणसाचे काड्यापेटी हे कसले हत्यार, ते मला लहानपणी कळत नसे. पुढे कळले. पण कळले म्हणजे नुसते डोक्यात शिरले. हातात उतरले नाही. या दोहोंत किती अंतर असते, ते २०२२ च्या श्रावणातल्या एका रात्री मला उमगले.

गाडी १९७८ सालची. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. पण कोल्हापुरात तिला पद्मिनी म्हणणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. सगळे 'फियाट'च म्हणतात, आणि त्यात त्यांची चूकही नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून जी फियाट ११०० निघत होती, तिलाच १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत. मुंबईच्या टॅक्स्यांतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ छापून आली. ती लिहिणाऱ्यांवर पद्मिनी ढकलण्याची वेळ कधी आली नसावी. आमच्या शाळेत तर माझी गाडी सुरू झाली नाही की तो पी.टी.चा तास समजण्याची वहिवाट आहे.

आता काड्यापेटीकडे वळतो. त्यासाठी थोडे यंत्र सांगावे लागेल. वाचकांनी भिऊ नये. माझे विज्ञानाचे भांडवलही मॅट्रिकपुरतेच आहे.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरात दाबले जाते, आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडावी लागते. बॅटरी असते १२ व्होल्टची. तेवढ्या विजेला प्लगच्या तोंडातली एवढीशी फटही ओलांडता येत नाही. त्या उडीला पंधरा-वीस हजार व्होल्टांचा दाब लागतो. तो कुठून आणायचा? तर लोखंडाच्या गाभ्यावर दोन तारा गुंडाळायच्या. एक जाड आणि थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारखी बारीक आणि हजारो वेढ्यांची. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडायचा आणि एकाएकी तोडायचा. तोडला की गाभ्यातले चुंबकत्व कोसळते, आणि कोसळता कोसळता बारीक तारेत तो प्रचंड दाब उत्पन्न करते. ही झाली कॉइल. प्रवाह सोडण्या-तोडण्याचे काम करतात ते 'पॉइंट': कुंकवाच्या टिकलीएवढ्या धातूच्या दोन टिकल्या. त्या एकमेकींना टेकतात आणि सुटतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असले, तर हे टेकणे-सुटणे सेकंदाला शंभर वेळा चालते. टिकल्या पुऱ्या उघडल्या म्हणजे त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी फट पडावी, असा नियम. ती मापायला पोलादी पात्यांचे गेज मिळते. आण्णांचे गेज म्हणजे ते काड्यापेटीचे टरफल. पुठ्ठा फटीत घालून ओढून पाहायचा. जरासा अडखळत निघाला की फट बरोबर.

सेकंदाला शंभर वेळा एकमेकींवर आपटणाऱ्या टिकल्या सुखाने राहणार कशा? त्या खडबडतात. त्यांना हलवणारी फायबरची टाच घासून झिजते, फट मिटत जाते, ठिणगी उशिरा पडू लागते, गाडी चढावर धापा टाकते आणि एक दिवस मुकाट्याने उभी राहते.

अशी उभी राहिलेली गाडी हे माझ्या बालपणाचे मोठे ठळक चित्र आहे. आण्णांनी १९८६ साली ती जुनी म्हणून घेतली, तेव्हा मी पहिलीत होतो. राधानगरी, पन्हाळा, गगनबावडा, जिथे विम्याचे गिऱ्हाईक तिथे आण्णा, आणि सुट्टी असली की मागच्या बाकावर आम्ही. गाडी थांबली की आण्णा शर्टाच्या बाह्या सारीत, बोनेट उघडीत, दोन चिमटे सोडून डेल्कोची टोपी काढीत, पॉलिश पेपरचा तुकडा टिकल्यांमधून दोनदा फिरवीत आणि खणातले टरफल मागवीत. तोवर आई झाडाखाली सतरंजी पसरून थर्मास उघडी. दहा मिनिटांत गाडी सुरू होई. पण चहा झाल्याशिवाय कोणी उठत नसे. आमच्या बहुतेक सहली या अशा, बोनेट उघडलेल्या गाडीभोवती झाल्या. आण्णा मला हाक मारीत, "ये रे, बघून ठेव." मी पुस्तकातून डोके वर न काढता "हो" म्हणे.

पुढे मी शिक्षक झालो, कादंबऱ्याही लिहू लागलो. एका कादंबरीत मी नायक-नायिकेची गाडी घाटात बंद पाडली आणि दोन ओळींत दुरुस्त करून टाकली. कशी, ते लिहिले नाही. मला ठाऊकच नव्हते. एकाही वाचकाने हरकत घेतली नाही. आण्णांनी मात्र ते पान वाचून चष्मा खाली केला आणि विचारले, "पॉइंट होता, का कंडेन्सर?"

आण्णा २०१९ साली गेले. गाडी माझ्याकडे आली.

श्रावणातल्या त्या रात्री आठच्या सुमारास मामा अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. त्यांचे गाव गगनबावड्याच्या थोडे अलीकडे, कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटर. आईने शाल घेतली आणि निघालो. त्या भागातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वर्णन नको. कळे मागे पडले, आणि साळवणच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले, तिसरा दिला, आणि ती थांबली. मोबाइलला रेंज नव्हती. आईने एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरली. मी टोपी काढून आतून कोरडी केली. पॉइंट पाहिले. फट मिटली होती. एवढे निदान मलाही झाले. खणातले टरफल काढले, स्क्रू सैल केला, पुठ्ठा घातला, स्क्रू आवळला. आवळताना फट हलली. पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला, पुन्हा हलली. आण्णा हे कसे करीत? एका हाताने पुठ्ठा, दुसऱ्याने पेचकस, मग पट्टी दाबून कशाने धरीत? मी शंभर वेळा त्यांच्यापासून चार हातांवर बसलेलो होतो. चौथ्या खेपेला तो इवलासा स्क्रू ओल्या बोटांतून निसटला आणि खालच्या चिखलात गेला. तिथे माझे ज्ञान संपले.

पहाटे दुधाच्या टेम्पोने आम्हांला नेले. मामा साडेतीन वाजता गेले होते. शेवटी त्यांनी बहिणीचे नाव घेतले, असे मामींनी सांगितले. परतताना आई एवढेच म्हणाली, "आण्णा असते तर गाडी पुढं काढली असती." ती रागाने म्हणाली असती तर मला सोसले असते.

गाडी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे ओढून आणली. मिस्त्री आण्णांच्या वेळचे, ऐंशीच्या घरातले. मला अजून "बाळ" म्हणतात. त्यांनी नवे पॉइंट घातले, आणि मी निश्चिंत झालो. चार महिन्यांनी गाडी पुन्हा अडली. हल्ली मिळणारे पॉइंट पहिल्यासारखे टिकत नाहीत म्हणून त्यांनी दुसरे घातले. तिसऱ्या खेपेला मी जवळ उभा राहून पाहत होतो. मिस्त्री फटीकडे पाहत नव्हते. अंगठ्याचे नख फटीत घालून ते अंदाज घेत होते, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे लागली होती. मी पुठ्ठा पुढे केला तर तो त्यांना दिसलाच नाही. काचबिंदू होता. केव्हापासून होता कोण जाणे. त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

मिस्त्रींच्या तोंडी ज्याचे नाव 'डेल्को', त्याला पुस्तकात डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. कॉइलमधला दाब चारी प्लगांना पाळीपाळीने वाटून देणारे, आणि पोटात पॉइंट बाळगणारे ते डबडे. डेल्को हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आणि तो कानडी असावा अशी माझी समजूत होती. तो निघाला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. डेटन या गावी १९०९ साली एक कंपनी निघाली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज. तिच्या आद्याक्षरांचे डेल्को झाले. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही सगळी रचना मोटारीत रुळवली ती या कंपनीच्या चार्ल्स केटरिंगने, आणि १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती प्रथम आली. या केटरिंगविषयी वाचताना मी दोन ठिकाणी थांबलो. एक म्हणजे तो आधी खेड्यातला शाळामास्तर होता. दुसरे, डोळ्यांच्या दुखण्यापायी त्याला कॉलेज अर्धवट सोडावे लागले होते; पदवी त्याने पुढे १९०४ साली घेतली. मिस्त्रींना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "डोळं दुखत्यात म्हणून गडी थांबला न्हाई म्हण की," असे म्हणाले आणि गप्प झाले.

पॉइंटांवर उतारा आहे, हे मला ठाऊक होते. विद्युत्प्रवाहावर चुंबक आडवा धरला की त्या पट्टीच्या दोन कडांमध्ये दाब उपजतो, हे एडविन हॉल या विद्यार्थ्याने १८७९ साली दाखवले. अमेरिकेतल्याच बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला. या दोघांचा संसार थाटला की काम झाले. डेल्कोच्या फिरत्या दांड्यावर चार चुंबकांचे कडे बसवायचे. त्याच्या शेजारी काळ्या राळेत बंद केलेली एक चकती. चुंबक समोरून गेला की चकतीला तो जाणवतो आणि ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. टेकणे नाही, सुटणे नाही, झिजणे नाही. १९७३ पासून अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या गाड्यांत अशी इलेक्ट्रॉनिक ठिणगी सरसकट घातली. आमच्या गाडीला ती अजून पोचायची होती.

पण तो संच घेणे म्हणजे मिस्त्रींना काय सांगणे होते? डोळे गेले, आता तुमचे काम नाही, असेच ना? संच मागवून मी तीन आठवडे शाळेच्या कपाटात खडूंच्या खोक्यामागे लपवून ठेवला होता. शेवटी २०२४ च्या नवरात्रात धीर करून तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो हातात फिरवला, कड्यावरून बोट फिरवले, एका पेचकसाला चिकटवून त्यातले चुंबक जोखले.

"म्हंजे मला सुट्टी दिलीस की रं, बाळ."

माझ्याने उत्तर देववले नाही.

"उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजंला मांडायची. काय करायचं ते आजच. पर हात तुझं. मी निस्ता ऐकत बसनार."

दुपारी शाळा सुटताच कामाला लागलो. मिस्त्री स्टुलावर बसले. संचाबरोबरचा कागद इंग्रजीत होता. मी अडखळत वाचायचा, मराठी करायचे आणि त्यांनी मान डोलवायची. आधी बॅटरीची तार सोडली. टोपी काढली, रोटर कुठल्या दिशेला आहे त्याची खडूने खूण केली. पॉइंट काढले, कंडेन्सर काढला. कडे दांड्यावर दाबून बसवले. चकती पॉइंटांच्याच जागी, त्याच स्क्रूने आवळली. या खेपेला खाली पांढरा रुमाल अंथरायला विसरलो नाही. तिच्या दोन तारा, लाल आणि काळी, भोकातून बाहेर काढल्या. कॉइलचा विरोध मीटरवर मोजला, ३.१ ओहम भरला, कागदावर मागितला होता त्याहून अधिक. मग वाचले : लाल तार कॉइलच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला.

"धन कुठलं?" मिस्त्रींनी विचारले.

कॉइलवरच्या खुणा तेलाने आणि काळाने पुसल्या होत्या. "उजवीकडचं असणार," मी म्हणालो.

"असनार? शाळंत पोरास्नी असंच शिकिवतोस?"

पॉइंटांच्या वेळी टोके उलटसुलट झाली तरी गाडी रखडत का होईना चालून जाई, असे त्यांनी सांगितले. पण ही राळेतली चकती उलट्या तारेने तिथल्या तिथे मरेल, हे त्यांनी माझ्या वाचनावरून बरोबर ओळखले होते. कॉइलच्या जुन्या दोन्ही तारा त्यांनी मला मोकळ्या करायला लावल्या, बॅटरी जोडायला लावली, चावी फिरवायला लावली, आणि टेस्ट लॅम्प हातात दिला. जी तार दिवा पेटवील ती चावीकडून आलेली. ती जिथे होती ते धन. दिवा पेटला तो डाव्या तारेवर. मी स्वतःच्या भरवशावर राहिलो असतो तर तीन आठवडे लपवलेला तो संच पहिल्याच क्षणी गेला असता. मिस्त्री काही बोलले नाहीत. मिशीत हसले मात्र.

चावी बंद केली, तारा जोडल्या, टोपी बसवली. इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू झाले. पण आवाज थोडा जड होता. ठिणगीची वेळ जराशी ढळली होती. मिस्त्री उठले, हाताने चाचपत बोनेटच्या कडेशी आले आणि मान तिरकी करून उभे राहिले. "डेल्को सैल कर. फिरव. हळू. आनि जरा. बास, लई झालं. केसभर मागं. आता आवळ." मला त्या आवाजांत काही फरक कळत नव्हता. तीनदा त्यांनी केसभर मागेपुढे करायला लावले, आणि मग एकाएकी मलाही कळला : इंजिनाची घरघर जाऊन त्याला एक सलग, मऊ सूर आला. त्यांचा हात बोनेटवर होता. तो बराच वेळ तिथेच राहिला.

या नव्या चकतीवर माझा पुरा जीव जडला आहे असे नाही. पॉइंट आजारी पडत, तेव्हा आधी खोकत; इशारा देत; काड्यापेटीच्या पुठ्ठ्याने बरे होत. ही काळी चकती कधी आजारी पडणार नाही, आणि पडलीच तर सरळ मरेल. आत पाहायला काही नाही. मिस्त्रींना हे बोलून दाखवले, तर त्यांनी काढलेले पॉइंट कागदात गुंडाळून खणातल्या टरफलात घातले, वरून दोरा बांधला. कंडेन्सर वेगळा दिला. "फेकू नगंस. ही बया वाटंत मेलीच, तर ह्ये पुन्यांदा बसवायचं. येतंय न्हवं आता?"

मी तिथेच पॉइंट पुन्हा एकदा बाहेर काढले आणि पट्टी दाबून कशाने धरायची, ते विचारले. "करंगळीनं," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या बाची करंगळी वाकडी हुती, बघितली न्हाईस?"

पाहिली होती. ती कशाने वाकडी, हे विचारायचे मात्र राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी पूजेला गेलो. पाटावर पाने, पक्कड, हातोडी, फीलर गेज मांडलेले होते, सगळ्यांना हळदकुंकू लागले होते. दसऱ्याला दुपारी आईला घेऊन गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. मामींना सोने द्यायचे होते. ऊन स्वच्छ होते, भाताची शेते पिवळी पडू लागली होती, आणि गाडी चढावर धाप न टाकता चालली होती. आई खिडकीबाहेर पाहत होती. कळ्याच्या पुढे ती म्हणाली, "आवाज निराळा येतोय." चाळीसएक वर्षे त्या इंजिनाशेजारी बसलेली बाई, तिला सांगावे लागले नाही. मी चकतीचे सगळे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले.

साळवणच्या अलीकडे, त्या रात्रीच्या जागेपासून थोड्या अंतरावर, रस्त्याकडेला एक वड आहे.

"थांबव जरा," ती म्हणाली.

मी थांबवली. तिने पिशवीतून थर्मास काढला, सतरंजी काढली. म्हणजे घरून निघतानाच घेतली होती. बसली. मग गाडीकडे पाहून म्हणाली, "बोनेट नाही उघडायचं?"

"आता लागत नाही गं."

"उघड तरी. वारा लागू दे तिला."

मी उठलो आणि बोनेट उघडून ठेवले.